जागल्याला कवच कोण देणार?

माहितीच्या अधिकाराला वीस वर्षे उलटली. गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा मात्र अजूनही लागू नाही

खास प्रतिनिधी

मारेगाव (जि. यवतमाळ) : माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ रोजी लागू झाला आणि शासकीय कार्यालयाच्या कपाटातील कागद पाहण्याचा हक्क सामान्य नागरिकाला प्राप्त झाला. माहिती कशासाठी हवी, हे अर्जदाराने सांगण्याची गरज नाही, असे या कायद्याचे कलम ६ स्पष्टपणे सांगते. अर्जावर अर्जदाराचे नाव आणि उत्तर पाठविण्यासाठी संपर्काचा पत्ता मात्र द्यावा लागतो. मुंबई, पुणे किंवा नागपुरात हे नाव हजारो अर्जांच्या गर्दीत विरून जाते. मारेगावसारख्या तालुक्याच्या गावी तसे होत नाही. तेथे अर्ज देणारा, तो घेणारा लिपिक, ज्याच्या कामाची माहिती मागितली तो कंत्राटदार आणि त्या कामाला मंजुरी देणारा पदाधिकारी हे बहुधा एकमेकांना नावाने ओळखतात. अर्जाच्या उत्तरासाठी कायद्याने तीस दिवसांची मुदत दिली आहे. अर्जदाराचे नाव संबंधितांपर्यंत पोहोचण्यास मात्र एक दुपारही पुरेशी ठरते.

माहितीचा अधिकार आणि तो वापरणाऱ्याचे संरक्षण या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. त्यापैकी पहिल्या बाजूचा ऊहापोह वृत्तपत्रांतून वारंवार होत असतो. दुसऱ्या बाजूची आठवण मात्र एखाद्या कार्यकर्त्यावर हल्ला झाल्यानंतरच होते. वास्तविक या दुसऱ्या बाजूसाठीही संसदेने कायदा संमत केला आहे. तो लागू का झाला नाही, त्याच्या अभावी आज नेमके कोणते संरक्षण उपलब्ध आहे आणि मारेगावच्या नागरिकाला त्यातील किती लाभते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

अर्ज साधा, वाट लांबची

मारेगाव हे यवतमाळ जिल्ह्यातील वणीच्या शेजारचे तालुक्याचे ठिकाण. कापूस हे येथील मुख्य पीक. तालुक्यात आदिवासी वस्ती मोठी असून कोलाम समाजाची पोडे आहेत. तहसील कार्यालय, पंचायत समिती, नगर पंचायत, तालुका कृषी अधिकारी आणि पोलीस ठाणे एवढ्याच कार्यालयांशी येथील नागरिकांचा प्रामुख्याने संबंध येतो. नुकसानभरपाईच्या यादीतून नाव का वगळले गेले, घरकुलाचा हप्ता का अडला, रस्त्यावर किती खडी पडली, स्वस्त धान्य दुकानात किती धान्य आले, सिंचन विहिरीचे देयक कोणाच्या नावे निघाले, हे प्रश्न येथे रोजच्या जगण्याशी निगडित आहेत. शहरातील वाचकाला माहितीचा अधिकार हा प्रामुख्याने मोठमोठे घोटाळे उघड करण्याचे साधन वाटतो. तालुक्याच्या गावी तो बहुतांशी आपल्या हक्काचा पैसा कोठे अडला, हे विचारण्याचे साधन असतो.

महाराष्ट्रात हा अर्ज ठरलेल्या नमुन्यात, दहा रुपयांचे न्यायालयीन शुल्क मुद्रांक लावून करता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला हे शुल्क माफ आहे. छायाप्रतीसाठी पानाला दोन रुपये आकारले जातात. अर्जदाराला लिहिता येत नसेल, तर त्याचे तोंडी म्हणणे लिहून घेण्यास साहाय्य करणे हे जन माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. केवळ कागदाची प्रतच नव्हे, तर प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे नमुने घेण्याचा अधिकारही कायद्याने दिला आहे. एखाद्याच्या जीविताचा अथवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल, तर माहिती ४८ तासांत द्यावी लागते.

उत्तर न मिळाल्यास अथवा ते असमाधानकारक असल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत पहिले अपील करता येते. त्याचा निकाल तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत अपेक्षित असतो. तेथेही दाद न लागल्यास नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील दाखल करावे लागते. यवतमाळ जिल्ह्यासाठी आयोगाचे खंडपीठ अमरावतीला आहे. माहिती विनाकारण नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला दररोज २५० रुपयांप्रमाणे जास्तीत जास्त २५ हजार रुपये दंड करण्याचा अधिकार आयोगाला आहे. कागदावर ही रचना भक्कम दिसते. परंतु पहिल्या अर्जापासून दुसऱ्या अपिलाच्या निकालापर्यंत लोटणारा सर्व काळ अर्जदार त्याच गावात, त्याच माणसांच्या मध्ये राहत असतो. या काळात त्याच्यावर येणाऱ्या दडपणाचा विचार माहितीच्या कायद्यात कोठेही नाही.

सद्भावनेने केलेल्या कृतीला कलम २१ नुसार संरक्षण आहे. पण ते या कायद्याखाली काम करणाऱ्यांसाठी आहे, माहिती मागणाऱ्यांसाठी नव्हे. कलम ८ मधील एका तरतुदीनुसार एखाद्या व्यक्तीच्या जीविताला धोका पोहोचविणारी किंवा कायद्याच्या अंमलबजावणीसाठी विश्वासाने दिलेल्या माहितीचा स्रोत उघड करणारी माहिती नाकारता येते. म्हणजे गुप्तपणे खबर देणाऱ्याचा विचार कायद्याने केला; उघडपणे प्रश्न विचारणाऱ्याचा मात्र केला नाही.

तळेगावची सकाळ

या उणिवेची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी, ते फिरावयास गेले असता, भररस्त्यात हत्या झाली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगतच्या जमिनींच्या व्यवहारांचा त्यांनी माहितीच्या अधिकाराद्वारे पाठपुरावा केला होता. आपल्या जिवाला धोका असल्याचे सांगून त्यांनी पोलिसांकडे संरक्षणही मागितले होते. मुंबई उच्च न्यायालयाने या हत्येची स्वतःहून दखल घेतली. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. या विभागाने २०१४ मध्ये तपास बंद करण्याचा अहवाल दिला, नंतर तपास पुन्हा सुरू केला आणि २०१८ मध्ये पुन्हा तो बंद करण्याचा अहवाल सादर केला. हत्येस दीड दशक लोटले, तरी ती कोणी घडवून आणली, याचे उत्तर मिळालेले नाही.

शेट्टी हे शासनाचे कर्मचारी नव्हते. ते बाहेरून प्रश्न विचारणारे नागरिक होते. गैरप्रकार उघड करणाऱ्यांचा दुसरा वर्ग आतून बोलणाऱ्यांचा असतो. मराठी वृत्तपत्रांनी या दोहोंसाठी ‘जागल्या’ हा शब्द रूढ केला आहे. गावगाड्यात रात्री पहारा देणारा आणि संकटाची चाहूल लागताच गाव जागे करणारा तो जागल्या. मात्र त्या जुन्या जागल्याला गावाने नेमलेले असे. आजचा जागल्या स्वतःहून उभा राहतो आणि अनेकदा एकटाच पडतो.

आतून बोलणाऱ्याचे उदाहरण विदर्भाच्या पाण्याशी निगडित आहे. २००९ मध्ये विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत अवघ्या काही महिन्यांत सुमारे ६,६७२ कोटी रुपयांवरून २६,७२२ कोटी रुपयांवर नेण्यात आली. या वाढीविषयीचे कागद बाहेर येण्यात माहितीच्या अधिकाराचा मोठा वाटा होता. जलसंपदा विभागातील मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ मध्ये सिंचन प्रकल्पांतील गैरप्रकारांकडे आणि निकृष्ट कामांकडे लक्ष वेधणारी पत्रे राज्याच्या प्रमुखांना लिहिली. त्यानंतर उठलेल्या वादळात तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी सप्टेंबर २०१२ मध्ये राजीनामा दिला आणि डिसेंबरमध्ये पुन्हा त्याच पदाची शपथ घेतली. राज्य शासनाने श्वेतपत्रिका काढली. जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पथकाने २०१४ मध्ये अहवाल दिला. पुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने अनेक गुन्हे दाखल केले. परंतु माजी उपमुख्यमंत्र्यांचा विदर्भातील प्रकल्पांच्या गैरव्यवहारांत सहभाग आढळला नसल्याचे डिसेंबर २०१९ मध्ये या विभागाने उच्च न्यायालयास सांगितले.

कोणत्या आरोपात किती तथ्य होते, हा येथील विषय नाही. पत्र लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचे पुढे काय होते, हा आहे. पांढरे यांनी स्वेच्छानिवृत्तीचा मार्ग पत्करला. ते मुख्य अभियंता होते, त्यांचे म्हणणे राज्यभरातील वृत्तपत्रांनी छापले आणि ते विधिमंडळात गाजले. पंचायत समितीतील कनिष्ठ अभियंत्याने मोजमाप पुस्तिकेतील खोट्या नोंदीकडे बोट दाखविले, तर त्याच्यामागे असे कोणतेही बळ उभे राहत नाही. त्याला गप्प बसविण्यासाठी बदली, प्रतिकूल गोपनीय अहवाल किंवा एखादी खातेनिहाय चौकशी पुरते. शिवाय वर्तणूक नियमांनुसार कर्मचाऱ्याला कार्यालयीन माहिती परवानगीविना बाहेर देता येत नाही. बदल्यांतील मनमानी रोखण्यासाठी महाराष्ट्राने २००५ साली स्वतंत्र कायदा केला, हे खरे. परंतु त्याचा हेतू बदल्यांचे नियमन हा आहे. सत्य सांगितल्याबद्दल होणाऱ्या छळाविरुद्धचा तो कायदा नव्हे.

एका पत्राने झालेला बदल

देशात या प्रश्नाची चर्चा तशी जुनी आहे. विधी आयोगाने २००१ मध्ये आपल्या १७९ व्या अहवालात जनहितार्थ माहिती उघड करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी कायद्याची शिफारस केली होती. ती दुर्लक्षित राहिली. सुवर्ण चतुष्कोन महामार्ग प्रकल्पावरील तरुण अभियंता सत्येंद्र दुबे यांनी कामातील गैरप्रकारांविषयी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. तथापि ते पत्र नावासह निरनिराळ्या कार्यालयांत फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी बिहारमधील गया येथे दुबे यांची हत्या झाली. पुढे न्यायालयाने या प्रकरणात दुबे यांना लुटण्याच्या प्रयत्नात मारल्याबद्दल काही जणांना दोषी ठरविले. पण नाव गुप्त ठेवण्याची साधी विनंती शासन पाळू शकले नाही, या वस्तुस्थितीने देश हादरला.

सर्वोच्च न्यायालयाने विचारणा केल्यानंतर केंद्र सरकारने २१ एप्रिल २००४ रोजी एक ठराव काढला. त्यानुसार केंद्रीय दक्षता आयोगाला अशा तक्रारी स्वीकारण्याचा आणि तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवण्याचा अधिकार मिळाला. तक्रार बंद लिफाफ्यात पाठवावी, लिफाफ्यावर ती जनहितार्थ प्रकटीकरणाची तक्रार असल्याचा उल्लेख करावा, नाव व पत्ता आतील कागदावर लिहावा, अशी ही पद्धत आहे. निनावी तक्रारीची दखल घेतली जात नाही. तक्रारदाराला धोका असल्यास आयोग संबंधित यंत्रणेला संरक्षणाचे निर्देश देऊ शकतो.

हा ठराव आजही अस्तित्वात आहे. परंतु तो केंद्र सरकारचे कर्मचारी, केंद्रीय कायद्यान्वये स्थापन झालेल्या संस्था आणि केंद्राच्या मालकीच्या कंपन्या यांच्यापुरताच मर्यादित आहे. मारेगाव परिसराकडे पाहिले, तर या मर्यादेचा अर्थ सहज लक्षात येतो. शेजारच्या वणी भागात वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडच्या कोळसा खाणी आहेत. ही केंद्राच्या मालकीच्या कोल इंडियाची उपकंपनी. तेथील कोळशाच्या वजनात अथवा कंत्राटात गैरप्रकार दिसल्यास कामगार किंवा सामान्य नागरिक केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद लिफाफा पाठवू शकतो. त्याचे नाव गुप्त ठेवण्याची जबाबदारी आयोगावर येते. मारेगावच्या तहसील कार्यालयातील, पंचायत समितीतील किंवा नगर पंचायतीतील गैरप्रकार मात्र राज्य शासनाच्या अखत्यारीतील. केंद्रीय दक्षता आयोगाला तेथे अधिकार नाही. त्यामुळे एकाच परिसरातील दोन माणसांना, केवळ त्यांची तक्रार वेगवेगळ्या सरकारांशी संबंधित असल्याने, वेगवेगळे संरक्षण मिळते.

संमत झालेला, पण लागू न झालेला कायदा

ही विषमता दूर करण्याची संधी २०१४ मध्ये आली. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला आणि ९ मे २०१४ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. केंद्राबरोबरच राज्यांचे कर्मचारीही त्याच्या कक्षेत होते. सरकारी कर्मचारीच नव्हे, तर कोणतीही व्यक्ती किंवा स्वयंसेवी संस्था त्याखाली तक्रार करू शकत होती. तक्रारदाराचे नाव हेतुपुरस्सर अथवा निष्काळजीपणाने उघड करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती. तक्रारीनंतर कर्मचाऱ्यावर कारवाई झाल्यास ती सूडबुद्धीची नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी संबंधित कार्यालयावर टाकण्यात आली होती. दुसरीकडे, जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षाही ठेवली होती.

मात्र केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे ठरवील त्या दिवसापासून हा कायदा अंमलात येईल, असे त्यातच म्हटले आहे. तो दिवस अद्याप उगवलेला नाही. कायदा लागू करण्यापूर्वीच २०१५ मध्ये त्यात दुरुस्ती करणारे विधेयक लोकसभेत मांडण्यात आले आणि संमतही झाले. देशाची सुरक्षितता, मंत्रिमंडळाची कागदपत्रे, व्यापारी गुपिते अशा दहा प्रकारच्या माहितीचा समावेश असलेल्या तक्रारी त्याद्वारे वगळण्यात येणार होत्या. शासकीय गुपिते अधिनियमाखालील कारवाईपासून तक्रारदाराला असलेले संरक्षणही त्यामुळे काढून घेतले जाणार होते. राष्ट्रीय सुरक्षेची चिंता रास्त असली, तरी माहितीच्या कायद्याखाली उघडपणे जे मागता येत नाही, ते सक्षम प्राधिकाऱ्याला गुप्तपणे कळविण्याचीही मुभा नसावी काय, हा प्रश्न त्यावेळी उपस्थित झाला. ते विधेयक राज्यसभेत संमत झाले नाही. परिणामी मूळ कायदा जैसे थे आहे : संमत, पण निष्क्रिय.

जगात अन्यत्र चित्र वेगळे आहे. ब्रिटनने १९९८ मध्ये अशा कर्मचाऱ्यांसाठी कायदा केला. युरोपीय संघाने २०१९ मध्ये सर्व सदस्य देशांसाठी समान निर्देश काढले. संयुक्त राष्ट्रांचा भ्रष्टाचारविरोधी करार भारताने २०११ मध्ये स्वीकारला; तक्रारदारांच्या संरक्षणासाठी योग्य उपाययोजनांचा विचार करावा, असे त्यात नमूद आहे.

साक्षीदार संरक्षणाच्या तरतुदी आहेत ना, असा प्रश्न येथे विचारला जातो. महाराष्ट्राने २०१७ मध्ये साक्षीदारांच्या संरक्षणासाठी कायदा केला आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये देशपातळीवरील योजनेला मान्यता दिली. त्या आवश्यकच आहेत. परंतु गुन्हा नोंदविला गेल्यानंतर, खटल्यातील साक्षीदारासाठी त्या उपयोगी पडतात. माहिती मागणाऱ्या नागरिकाच्या बाबतीत बहुधा अद्याप गुन्हाच नोंदलेला नसतो. गुन्हा घडला किंवा कसे, हे शोधण्यासाठीच तर त्याने कागद मागितलेले असतात.

वैयक्तिक माहितीची नवी भिंत

संरक्षणाचा कायदा असा रखडलेला असताना माहितीच्या कायद्याची व्याप्तीही कमी होत गेली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मधील एका तरतुदीने माहितीच्या कायद्यातील कलम ८(१)(ञ) बदलले. ही तरतूद नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली.

पूर्वी वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा ती देण्याने खासगीपणावर विनाकारण आक्रमण होत असेल, तरच ती नाकारता येत असे. व्यापक जनहित असेल, तर तीही देता येत असे. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असा दिलासा त्यात होता. आता या अटी गेल्या असून वैयक्तिक माहिती एवढाच निकष उरला आहे. अर्थात जनहिताचे पारडे जड असल्यास माहिती देण्याची मुभा कलम ८(२) मध्ये अजून शिल्लक आहे. पण ती वापरायची की नाही, हे आधी त्या कार्यालयातील अधिकारी ठरवितो.

या वाटचालीतील एक महत्त्वाचा टप्पा विदर्भातलाच आहे. भविष्य निर्वाह निधी कार्यालयातील, अकोला येथे काम केलेल्या एका अधिकाऱ्याच्या नियुक्ती, चौकशी व मालमत्तेविषयीची माहिती मागण्यात आली होती. ती वैयक्तिक स्वरूपाची असून जनहित दाखविल्याशिवाय देता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये गिरीश देशपांडे प्रकरणात दिला. अधिकाऱ्यांविषयीची माहिती नाकारताना त्याचा आधार सर्रास घेतला जातो.

खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मान्य केले आणि ते योग्यच आहे. कोणाचा आजार, बँक खाते किंवा कौटुंबिक बाबी चव्हाट्यावर येऊ नयेत. परंतु मजुरांची हजेरीपत्रके, घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी, नुकसानभरपाईचे वाटप, कंत्राटदाराचे देयक या सर्वांत कोणाचे ना कोणाचे नाव असतेच. नावे वगळून यादी दिली, तर मृत व्यक्तीच्या नावे पैसे उचलले गेले किंवा कसे, हे तपासणार कसे? नावाविना यादी म्हणजे केवळ आकड्यांची बेरीज. तालुक्याच्या गावी गैरव्यवहार पकडला जातो तो नेमका नावांवरून, कारण कोणते नाव खरे आणि कोणते बनावट, हे गावकऱ्यांनाच ठाऊक असते.

‘ब्लॅकमेल’चा आक्षेप

अधिकाऱ्यांची बाजूही येथे मांडावयास हवी. माहितीच्या अधिकाराचा काही लोकांनी धंदा केला आहे, एकाच कार्यालयात शेकडो अर्ज टाकून नंतर तडजोडीची भाषा केली जाते, अशी तक्रार शासकीय कार्यालयांतून नेहमी ऐकू येते. ती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. सरसकट आणि अव्यवहार्य मागण्यांमुळे प्रशासनाचे काम ठप्प होऊ नये, असा इशारा सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये दिला होता. महाराष्ट्र शासनाने एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा घातली, तीही याच पार्श्वभूमीवर.

खंडणी मागणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी दंडविधान पुरेसे आहे. पण मुळात खंडणी शक्य का होते, याचाही विचार व्हावयास हवा. कागद दडलेला असतो, म्हणूनच त्याला किंमत येते. जी माहिती फलकावर किंवा संकेतस्थळावर आधीच सर्वांसमोर आहे, ती दाखवून कोणी कोणाला धमकावू शकत नाही. याच कारणाने प्रामाणिक अर्जदाराच्या जिवावरचा धोकाही तेथे संपतो. एकट्याच्या हाती असलेला कागद त्या एकट्याला संकटात टाकतो. सर्वांच्या हाती असलेल्या कागदासाठी एकाला गप्प करून काहीच साधत नाही.

आज हाती असलेले उपाय

संसदेने संमत केलेला कायदा लागू होईल तेव्हा होवो. तोपर्यंत माहितीच्या कायद्यातच काही साधने आहेत आणि त्यांची फारशी ओळख लोकांना नाही.

पहिले साधन पत्त्याविषयीचे. कोलकाता उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये असा निर्णय दिला, की अर्जदाराला घरचा पत्ता देण्याची सक्ती करू नये. टपालपेटी क्रमांक दिला, तरी तो पुरेसा मानावा. केंद्र सरकारने जानेवारी २०१४ मध्ये हा निर्णय सर्व विभागांना कळविला. लहान गावात याने ओळख पूर्णपणे लपत नाही, हे खरे. पण अर्जदाराचे घर शोधणे थोडे अवघड होते.

दुसरे साधन कागद पाहण्याचे. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये परिपत्रक काढून जिल्हा पातळीवरील कार्यालये व स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असे सांगितले. एकट्याने अर्ज करण्याऐवजी चार-पाच जणांनी मिळून या वेळेत कागद पाहिले, तर कोणा एकाकडे बोट दाखविता येत नाही.

तिसरे साधन ग्रामसभेचे. मारेगाव तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे लागू असलेल्या पेसा कायद्यानुसार ग्रामपंचायतीला योजनांवरील खर्चाचा विनियोग दाखला ग्रामसभेकडून घ्यावा लागतो. खर्चाचा हिशेब जेथे संपूर्ण गावासमोर मांडणे बंधनकारक आहे, तेथे तो विचारण्यासाठी एका माणसाने आपले नाव पणाला लावण्याची गरज उरत नाही. मात्र ग्रामसभा कागदावर भरविली जाणार नाही, एवढी दक्षता गावाला घ्यावी लागेल.

चौथे साधन सर्वांत प्रभावी आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. केंद्रीय माहिती आयोगाने सप्टेंबर २०११ मध्ये एक ठराव केला. माहिती मागणाऱ्यावर हल्ला अथवा त्याची हत्या झाल्याची तक्रार आल्यास त्याने मागितलेल्या माहितीचे प्रलंबित अर्ज आयोग तपासेल आणि ती माहिती संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्याचा आदेश संबंधित विभागाला देईल, असे त्यात म्हटले आहे. माहिती दडविण्यासाठी केलेला हल्ला तीच माहिती जगजाहीर होण्यास कारणीभूत ठरावा, हा त्यामागील विचार. हल्लेखोराचा हेतूच विफल करणारा याहून साधा उपाय नाही. विशिष्ट माहिती प्रसिद्ध करण्यास कार्यालयाला भाग पाडण्याचा अधिकार कलम १९(८) नुसार राज्य माहिती आयोगालाही आहे. त्यामुळे धमकीची तक्रार येताच, हल्ल्याची वाट न पाहता, अमरावती खंडपीठासह राज्यातील सर्व खंडपीठांनी हा अधिकार वापरण्यास कायद्याची आडकाठी नाही.

प्रश्न विचारण्याची गरजच कमी व्हावी

या सर्व उपायांच्या मुळाशी कायद्याचे कलम ४ आहे. प्रत्येक कार्यालयाने सतरा प्रकारची माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करावी आणि ती वेळोवेळी अद्ययावत ठेवावी, असे हे कलम सांगते. त्यात अंदाजपत्रक, प्रत्यक्ष खर्च, अनुदान वाटपाची पद्धत व लाभार्थ्यांचा तपशील, सवलती आणि परवाने मिळालेल्यांची माहिती यांचा समावेश आहे. ही माहिती स्थानिक भाषेत, लोकांना सहज समजेल अशा रीतीने दिली जावी, अशीही अपेक्षा आहे. नागरिकांना अर्ज करण्याची कमीत कमी गरज पडावी, हा हेतू त्याच कलमात नोंदविला आहे. म्हणजे अर्ज हा अपवाद असावा आणि प्रसिद्धी हा नियम, अशी कायदा करणाऱ्यांची कल्पना होती. प्रत्यक्षात मात्र नेमके उलट घडले.

महाराष्ट्राने या विषयात एकेकाळी देशाला वाट दाखविली. २००० सालचा राज्याचा पहिला कायदा अपुरा होता. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर त्याजागी आलेल्या नव्या कायद्याला ऑगस्ट २००३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि केंद्राचा कायदा येण्याच्या दोन वर्षे आधी राज्यातील नागरिक हा अधिकार वापरू लागले. तोच पुढाकार आता संरक्षणाच्या बाबतीत घेण्यास राज्याला कोणी रोखलेले नाही. आपल्या कर्मचाऱ्यांच्या आणि नागरिकांच्या तक्रारी गुप्तपणे स्वीकारणारा स्वतंत्र प्राधिकारी, सूडबुद्धीच्या बदलीला तातडीने स्थगिती देण्याचा अधिकार, धमकीची तक्रार येताच मागितलेली माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधन, एवढ्या तीन तरतुदींचा राज्याचा कायदाही मोठा फरक घडवू शकेल. केंद्राच्या अधिसूचनेची वाट पाहत राहिल्यास आणखी किती वर्षे जातील, हे गेल्या दशकाच्या अनुभवावरून सांगणे अशक्य आहे.

तोपर्यंत मारेगावच्या पंचायत समितीसमोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला दहा रुपयांच्या मुद्रांकासोबत आपले नाव लिहावे लागणारच आहे. तो विचारणार असलेला प्रश्न बहुधा एखाद्या विहिरीच्या देयकाचा किंवा यादीतून गळालेल्या नावाचा असेल. ती यादी आणि ते देयक कार्यालयाच्या दर्शनी फलकावर लावलेले असेल, तर त्याला अर्ज करावा लागणार नाही आणि त्याच्या नावाची चर्चाही होणार नाही. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, निधी लागत नाही आणि दिल्लीच्या परवानगीचीही गरज नाही. वीस वर्षांपूर्वी लागू झालेल्या कायद्यातील एका कलमाचे पालन तेवढे करावयाचे आहे.